खडखडाट आणि दोन प्रकारचे बहिरेपण

हलकी, उघडी स्पोर्ट्स गाडी बाळगणाऱ्यांत दोन पंथ आहेत. पहिल्या पंथाला गाडीतून येणारा प्रत्येक आवाज हा दोष वाटतो. त्याच्या सुट्टीच्या दुपारी फोमचे तुकडे, नमद्याच्या पट्ट्या आणि डांबरी चादरी चिकटवण्यात जातात. दुसऱ्या पंथाला तोच आवाज गाडीचे ‘कॅरेक्टर’ वाटतो. ‘आवाज नको असेल तर सेडान घ्यावी’ हे त्याचे ठेवणीतले उत्तर, आणि ते दिले की पुढचा विचार करण्याची जबाबदारी संपली अशी त्याची समजूत असते. हे दोन पंथ एकमेकांना तुच्छ लेखतात. वस्तुतः त्यांनी एकमेकांना मिठी मारायला हरकत नाही, कारण दोघांचे दुखणे एकच आहे. एकाला आवाज ऐकायचा नसतो. दुसऱ्याला तो ऐकू येतो, पण समजून घ्यायचा नसतो. या दोन्हींना मी बहिरेपण म्हणतो आणि दोन्हींविरुद्ध हा लेख आहे.

उदाहरण एकच घेतो, म्हणजे चर्चा हवेत राहणार नाही. इंग्लंडात नॉरफक परगण्यातल्या हेथेल या गावी, दुसऱ्या महायुद्धातल्या एका विमानतळाच्या जागेवर लोटसचा कारखाना आहे. तिथे १९९६ पासून २०२१ पर्यंत ‘एलिझ’ नावाची गाडी तयार होत होती. पहिल्या एलिझचे वजन सव्वासातशे किलोंच्या आसपास होते. साध्या कौटुंबिक मोटारीचे वजन आज सहज त्याच्या दुप्पट भरते. तिचा सांगाडा ॲल्युमिनियमच्या पोकळ पट्ट्यांचा, आणि त्या पट्ट्या वेल्डिंगने न जोडता इपॉक्सीने चिकटवलेल्या. सांगाड्याचे वजन सत्तर किलोंहूनही कमी, म्हणजे एका माणसाएवढे. वरचे अंग फायबरग्लासचे, छप्पर कापडाचे, काचा हाताने फिरवायच्या. इंजिन पाठीमागे, डोक्यापासून हातभर अंतरावर. अशी एक जुनी गाडी मी इथे इंग्लंडात बरीच वर्षे वापरतो आहे. ती श्रीमंतीची खूण म्हणून मी घेतलेली नाही आणि तिच्या कौतुकासाठी हे लिहीतही नाही. शांतता आणि वजन यांचा व्यवहार या गाडीत जितका उघड दिसतो तितका दुसरीकडे क्वचितच दिसतो, म्हणून ती निवडली आहे.

हा व्यवहार आधी समजून घेऊ. आवाज अडवणारी भिंत जितकी जड तितका पलीकडे जाणारा आवाज कमी, हा ध्वनिशास्त्राचा जुना नियम आहे. भिंतीचे वजन दुप्पट केले की पलीकडचा आवाज साधारणपणे ६ डेसिबलांनी उतरतो. आता कानाला आवाज निम्मा वाटावा, यासाठी सुमारे १० डेसिबलांची घट लागते. म्हणजे वजन दुप्पट करूनही शांतता दुप्पट होत नाही. मोटारीतले शांततेचे गणित असे तोट्याचे आहे. जाड गालिचे, दुहेरी काचा, दारांना दोन-दोन तीन-तीन रबरी झालरी, पत्र्यांवर डांबरी थर, इंजिन आणि माणूस यांच्यामध्ये अस्तर लावलेली भिंत ही सगळी सामग्री किलोकिलोने वाढत जाते. वाढलेले वजन ओढायला मोठे इंजिन, ते थांबवायला मोठे ब्रेक, हे सगळे पेलायला रुंद टायर लागतात. आणि रुंद टायर अधिक गोंगाट करतात म्हणून आणखी अस्तर! शांततेची ही उसनवारी चक्रवाढ व्याजाची आहे.

लोटसचा संस्थापक कॉलिन चॅपमन याने आयुष्यभर हे कर्ज नाकारले. १९५७ सालची त्याची ‘सेव्हन’ ही गाडी म्हणजे चार चाके, दोन खुर्च्या आणि त्यांना एकत्र धरण्यापुरत्या नळ्या. १९७३ पासून तिचे हक्क केटरहॅमकडे आहेत आणि ती थोड्याफार फरकाने आजही विकली जाते. चॅपमन १९८२ मध्ये वारला. एलिझ त्याने पाहिली नाही, पण तिच्यात त्याचाच हट्ट आहे. जे काढून टाकता येईल ते काढून टाकायचे. काढून टाकलेल्या वस्तूंच्या यादीत शांतता होती हे विकणाऱ्याने लपवले नाही आणि घेणाऱ्यानेही ते न समजता घेतले नाही. नव्या खडीच्या रस्त्यावर चाकांनी उडवलेले खडे पत्र्यावर वाजतात, पावसात टायरने फेकलेले पाणी कमानीत सळसळते, सत्तर मैलांच्या वेगाला शेजाऱ्याशी ओरडून बोलावे लागते. हा करार आहे. करारावर सही करून मग प्रत्येक कलमावर कुरकुर करणाऱ्याला काय म्हणावे?

पहिल्या पंथाची खरी अडचण त्यांना स्वतःलाच उमगलेली नाही. आवाज झाकण्याचे काम कधीच पूर्ण होत नाही, कारण मोठा आवाज छोट्याला झाकून ठेवतो. वाऱ्याचा घोंघाट कमी केला की डॅशबोर्डाची कुरकुर ऐकू येते. ती बंद केली की दाराच्या काचेची खुळखुळ. ती थांबवली की पट्ट्याच्या बकलाची टिकटिक. विजेवरच्या मोटारी आल्यावर मोठ्या कारखान्यांनाही हा अनुभव आला आहे. इंजिनचा आवाज गेला आणि त्याच्या आड वर्षानुवर्षे सुखाने लपलेल्या कुरकुरी उघड्या पडल्या. जॉन केज या अमेरिकन संगीतकाराने १९५१ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातल्या निर्ध्वनी खोलीत जाऊन पाहिले, तर तिथेही त्याला दोन आवाज ऐकू आले आणि ते आपल्याच शरीराचे असल्याचे त्याने सांगितले. संपूर्ण शांततेच्या मागे लागलेल्याने हा प्रसंग लक्षात ठेवावा. चिकटवलेल्या प्रत्येक चादरीबरोबर गाडी जड होत जाते, आणि जिच्यासाठी हा सगळा खटाटोप, ती गाडी हळूहळू नाहीशी होते. शेवटी हाती उरते ती एक सुमार सेडान, तीही पावसात गळणारी.

या पंथाचा मोठा भाऊ म्हणजे आजचा मोटारउद्योग. त्याच्याजवळ पैसा आहे, म्हणून तो आवाज खरोखरच बाहेर ठेवू शकतो. मग पुढे काय होते? २०११ साली आलेल्या बीएमडब्ल्यूच्या एम फाइव्हमध्ये आतली शांतता इतकी पक्की झाली की इंजिनचा आवाज गाडीतल्या ध्वनिक्षेपकांतून चालकाला ऐकवण्याची सोय करावी लागली. नंतर इतर अनेक कंपन्यांनी हाच मार्ग धरला. म्हणजे आधी पैसे देऊन खरा आवाज घालवायचा आणि मग पैसे देऊनच त्याची सोंगटी विकत घ्यायची. या विकतच्या आवाजाला इंजिन आजारी पडल्याचे कळवता येत नाही. तो नेहमीच तंदुरुस्त असतो. दरबारात सुभेदाराच्या पराभवाची बातमी पोचू नये म्हणून भाट ठेवावेत, तशातला हा प्रकार.

आवाज ही माहिती असते, हे मी काही नवीन सांगत नाही. अनेक गाड्यांच्या ब्रेक पॅडना पातळ पत्र्याची एक जीभ लावलेली असते. पॅड झिजले की ती तबकडीला घासते आणि कर्कश किंचाळते. अभियंत्याने मुद्दाम गाडीत घातलेली ही किंचाळी आहे आणि तिने किती अपघात टाळले असतील याची मोजदाद नाही. युरोपीय संघाने तर विजेवरच्या गाड्यांना आवाज करणे सक्तीचे केले. २०१९ च्या जुलैपासून नव्या प्रकारच्या आणि २०२१ च्या जुलैपासून सर्वच नव्या विजेच्या व संकरित गाड्यांनी ताशी २० किलोमीटरपर्यंतच्या वेगात स्वतःची चाहूल द्यायची आहे. कारण उघड आहे. रस्ता ओलांडणाऱ्या अंध माणसाला नि:शब्द गाडी म्हणजे मृत्यू. रस्त्यावरच्या माणसाला जो हक्क कायद्याने दिला, तो चालकाने आपण होऊन सोडून द्यावा, हे मला चमत्कारिक वाटते.

येथपर्यंत वाचून दुसऱ्या पंथाचे लोक टाळ्या वाजवत असतील. त्यांनी थोडे थांबावे.

‘कॅरेक्टर’ हा शब्द मोटारींच्या जगात सर्वांत आळशी शब्द आहे. तेल गळते? कॅरेक्टर. दुसरा गिअर थंडीत पडत नाही? कॅरेक्टर. मागून ठकठक येते? ‘अहो, या गाड्या अशाच असतात.’ हे शेवटचे वाक्य मी एका गॅरेजवाल्याच्या तोंडून ऐकले आहे, आणि आवाज करणाऱ्या जागेकडे न बघता तो ते म्हणाला होता. ते वाक्य निरुपद्रवी नाही. एलिझच्या मागच्या चाकांची दिशा प्रत्येकी एक बारीक दांडा राखून धरतो. त्या दांड्याच्या टोकाला बॉल जॉइंट असतो. तो झिजला की सांध्यात खेळ येतो आणि अनेकदा खड्ड्यावरून जाताना मागून एक कोरडा ठोका ऐकू येतो. दुर्लक्ष झाले आणि सांधा तुटला, तर ते मागचे चाक स्वतःच्या मर्जीने वळते. वळणावर, वेगात हे घडले तर पुढचे सांगायला नको. असा ठोका आणि सैल नंबरप्लेटची खडखड या दोन्हींना ‘कॅरेक्टर’ या एकाच गाठोड्यात बांधणारा माणूस गाडीवर प्रेम करतो असे मी मानत नाही. आजारी मुलाच्या खोकल्याला ‘त्याचा आवाजच तसा आहे’ म्हणणारा बाप आपण प्रेमळ समजत नाही.

गोंगाटाचा गौरव करायचा तरी त्यासाठी कान हवा. इटालियन भविष्यवादी लुईजी रुसोलो याने १९१३ मध्ये गोंगाटाची कला मांडणारा आपला जाहीरनामा लिहिला. यंत्रांच्या आवाजाचा त्याच्याइतका कडवा पुरस्कर्ता विरळा. पण त्यानेही गोंगाटाला सरसकट नमस्कार केला नाही. त्याचे सहा वर्ग पाडले, त्यांत गडगडाट एकीकडे आणि कुजबुज दुसरीकडे ठेवली. कॅरेक्टरवाद्यांना हा आपला पूर्वज ठाऊकही नसावा. जपानी माझदाने १९८९ मध्ये एमएक्स फाइव्ह ही उघडी, हलकी गाडी आणली तेव्हा जुन्या ब्रिटिश रोडस्टर गाड्या तिच्या डोळ्यांपुढे होत्या. पण तिने त्यांची तेलगळती घेतली नाही, खुळखुळ घेतली नाही. घेतला तो एक्झॉस्टचा स्वर, आणि त्यावर स्वतंत्र मेहनत केली. काय ठेवायचे आणि काय टाकायचे हे ठरवता आले, याचे कारण आधी ते वेगळे ऐकता आले.

आपल्याला हे समजणे खरे तर अवघड जाऊ नये. तंबोऱ्याची जवारी लावताना घोडी आणि तार यांच्यामध्ये सुताचा दोरा सरकवतात आणि तारेला एक झंकार आणतात. हिशेबी कानाला ती भुरभुरच, पण तिच्याविना तंबोरा मुका. त्याच तंबोऱ्याच्या भोपळ्याला तडा गेला तर तोही भुरभुरतो. मिरजेचा कोणताही कारागीर या दोन भुरभुरींत क्षणभरही गल्लत करणार नाही. एक जपेल, दुसरीसाठी तंबोरा खाली ठेवून भोपळा तपासेल. दोन्ही भुरभुरी घालवणारा कारागीर अडाणी, आणि दोन्ही ‘वाद्याचा स्वभाव’ म्हणून ठेवणारा त्याहून अडाणी.

शिवाय आपल्या भाषेने हे काम अर्धे करून ठेवले आहे. गॅरेजच्या फॉर्मवर ‘आवाज येतो’ एवढीच तक्रार लिहिली जाते. मराठीत मात्र कुरकुर, करकर, खडखड, खुळखुळ, ठकठक, घरघर, भणभण, किणकिण, सळसळ असे कितीतरी शब्द आहेत आणि त्यांतले कोणतेही दोन एकमेकांच्या जागी बसत नाहीत. हे शब्द नुसते गोड नाहीत, त्यांत निदान आहे. कुरकुर होते ती घर्षणाने. दोन पृष्ठभाग एकमेकांना चिकटतात, सुटतात, पुन्हा चिकटतात. व्हायोलिनच्या तारेवर गजाचे तेच चालते. खडखड होते ती फटीमुळे. दोन वस्तूंमध्ये मोकळी जागा असते आणि त्या एकमेकींवर आपटतात. भणभण होते ती कंपनामुळे. इंजिनची गती एका आकड्याला पोचली की एखादा पत्रा तिच्या तालावर थरथरू लागतो आणि गती बदलली की गप्प होतो. तिघींचे उपाय वेगळे. कुरकुरीला नमद्याची पट्टी किंवा थोडे वंगण, खडखडीला बोल्ट आवळणे किंवा झिजलेला भाग बदलणे, भणभणीला पत्र्याच्या नेमक्या जागी डांबरी चादरीचा तळहाताएवढा तुकडा. तळहाताएवढा! पहिला पंथ तिथे अख्खी चादर पसरतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

ऐकण्याची रीतही फार अवघड नाही. आवाज इंजिनच्या गतीबरोबर बदलतो की चाकांच्या? क्लच दाबला की जातो का? खड्ड्यात येतो की वळणावर? वेगाबरोबर वाढणारी आणि एका बाजूच्या वळणावर चढणारी घरघर चाकाच्या बेअरिंगकडे बोट दाखवते. ब्रेकवर पाय ठेवताच थांबणारी टकटक बहुधा पॅडची. थंड असताना येणारा आणि गरम झाल्यावर जाणारा आवाज एक सांगतो, गरम झाल्यावरच येणारा दुसरे. अर्थात ऐकणे हा तपासणीला पर्याय नव्हे. काही सांधे न बोलताच तुटतात, त्यांच्यासाठी गाडी वर उचलून, चाक हाताने हलवून पाहावेच लागते. पण कुठे पाहायचे हे बहुतेक वेळा कानच सांगतो. महिन्यातून एकदा रेडिओ बंद करून ओळखीच्या रस्त्यावरून गाडी चालवावी आणि मागच्या महिन्यात नसलेले काय ऐकू येते तेवढेच पाहावे. याला खर्च नाही.

आता दोन आक्षेप, कारण ते खरे आहेत.

पहिला आक्षेप कानांच्या आरोग्याचा. छप्पर काढून सत्तर मैलांच्या वेगाने जाताना वाऱ्याचा आवाज सहज ८५ डेसिबलांच्या पलीकडे जातो. ब्रिटनच्या २००५ च्या नियमांनुसार कामाच्या ठिकाणी दिवसाची सरासरी याच पातळीला पोचली तर मालकाने कर्णरक्षक दिलेच पाहिजेत. दिवसभराचा प्रवास असाच करणाऱ्याचे कान बिघडू शकतात, आणि गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. यावर माझे उत्तर साधे आहे: कानात बोळे घालावेत. कॅरेक्टरवाद्यांना ते भित्रेपणाचे वाटते, मला ते अक्कल असल्याचे लक्षण वाटते. बोळे सगळाच आवाज खाली आणतात, पण वाऱ्याच्या माऱ्याने शिणलेल्या कानापेक्षा बोळे घातलेल्या कानाला गाडीतला फरक अधिक कळतो. ज्याला उद्याही ऐकायचे आहे त्याने आज कान जपावेत.

दुसरा आक्षेप शेजाऱ्यांचा. इथे मी कोणतीही सवलत मागत नाही. करार मालकाने केला, शेजाऱ्याने नाही. सायलेन्सर काढून, मोठ्या तोंडाची नळी बसवून पहाटे गल्ली उठवणारा माणूस हलक्या गाडीचा भक्त नव्हे. त्या नळीने गाडीविषयी काहीही कळत नाही, उलट कळण्याजोगे सगळे तिच्याखाली दबून जाते. इंग्लंडात गुडवुडसारख्या शर्यतीच्या मैदानांवरसुद्धा आवाज मोजूनच गाडी आत सोडतात, ते योग्यच आहे. आपल्याकडे ‘उथळ पाण्याला खळखळाट फार’ म्हणतात, ती म्हण अशांसाठी राखून ठेवावी. सगळ्याच खळखळाटाला मात्र ती लावू नये. पाणी उथळ आहे हे ज्याला चालत ओलांडायचे आहे, त्याला तो खळखळाट उपयोगीच पडतो.

कोणी म्हणेल, एका छोट्या गाडीच्या मूठभर मालकांचा हा वाद, त्यासाठी एवढी शाई कशाला? एलिझचे उत्पादन २०२१ मध्ये थांबले. त्याच लोटसने २०२२ मध्ये ‘एलेत्रे’ ही विजेवरची गाडी दाखवली, तिचे वजन अडीच टनांच्या घरात आहे. सव्वासातशे किलोंपासून अडीच टनांपर्यंत एकाच नाममुद्रेखाली झालेला हा प्रवास केवळ मोटारींचा नाही. आपल्या घरातली, खिशातली, दवाखान्यातली यंत्रे याच वाटेने चालली आहेत. ती गुळगुळीत, बंद, अबोल होत आहेत. बिघाड होईपर्यंत त्या बिघाडाची चाहूल लागत नाही. लागते तेव्हा काचेवर एक पिवळा दिवा लागतो, आणि त्याचा अर्थ सांगण्याचा अधिकार फक्त विकणाऱ्याकडे असतो. यंत्र काय म्हणते आहे ते वापरणाऱ्याला स्वतःच्या कानाने कळावे, ही जुनी आणि फुकटची सोय होती. तिच्यावर पहिल्या पंथाने अस्तर चढवले आणि दुसऱ्याने तिची जत्रा केली.

म्हणून दोन्ही पंथांना माझे सांगणे एकच आहे. चादर चिकटवण्यापूर्वी आवाजाचे नाव सांगा. ‘कॅरेक्टर’ म्हणण्यापूर्वीही नाव सांगा. कुरकुर आहे, खडखड आहे की भणभण, आणि ती कुठून येते? हे सांगता आले तर पुढे काय करायचे ते बहुधा आपोआप ठरेल. एखादा बोल्ट आवळावा लागेल, एखादा सांधा बदलावा लागेल, आणि उरलेल्या आवाजासह गाडी चालवावी लागेल. नाव सांगता आले नाही, तर गाडी उचलून खाली पाहावे. तोवर तिच्या आवाजाची निंदाही करू नये आणि स्तुतीही.